पेशंट 'लाय' करतो, 'ले' करतो की 'लेड'? ओईटीच्या पत्रातल्या क्रियापदांनी डोकं उठवलंय

मिरज_स्टाफनर्स

नमस्कार मंडळी. मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात स्टाफ नर्स आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स, मग जीएनएम. सध्या ब्रिटनला जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. ऐकणं-वाचणं जमतं, बोलायला तर वॉर्डात रोजच लागतं. घोडं अडतं ते लेखनात.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका पेशंटच्या केस नोट्स देतात. पहिली पाच मिनिटं नुसतं वाचायचं, पेनाला हात लावायचा नाही. मग चाळीस मिनिटांत साधारण 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं, कधी डिस्चार्जचं, कधी रेफरलचं, कधी दुसऱ्या ठिकाणी हलवताना तिथल्या नर्सला. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला बाकी तिन्ही भागांत बी ग्रेड लागते आणि लेखनात सी प्लस चालते. म्हणजे इथं थोडी सूट आहे, तरी मी इथंच अडकते.

क्लासचे सर माझ्या पत्रावर लाल गोल करतात आणि बाजूला 'वर्ब!' एवढंच लिहितात. का चुकलं ते विचारलं तर म्हणतात, वाचन वाढवा. ड्युटी संपवून घरी आल्यावर किती वाचन वाढवणार? त्यांनी गोल केलेली ही काही वाक्यं:

'द पेशंट लाइड ऑन द बेड होल डे.'
'शी डिनाइड हर लंच.'
'ही टोल्ड दॅट ही हॅज पेन.'
'हर टेंपरेचर रेज्ड इन द इव्हनिंग.'
'आय केप्ट द ट्रे ऑन द टेबल.'

यातल्या शेवटच्या वाक्यात काय चुकलंय ते तर मला अजून कळलेलं नाही. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड हा तक्ता फ्रिजवर चिकटवलाय, घडाघडा म्हणून दाखवेन. पण लिहायला बसलं की कुठला शब्द कुठं घालायचा तेच सुचत नाही. आपल्या मराठीतून जाणारी एखादी वाट आहे का? व्याकरणाची पुस्तकं सुचवू नका, तीन आणून ठेवली आहेत.

कोथरूडचा_राजा

एवढा त्रास कशाला? एआयमध्ये टाका, दोन सेकंदांत दुरुस्त करून देतं.

मिरज_स्टाफनर्स

परीक्षेच्या हॉलमध्ये एआय कुठून आणू, भाऊ?

बर्मिंगहॅमची_ताई

अगं, पहिल्यांदा तो फ्रिजवरचा तक्ता काढून टाक.

मी मूळची गडहिंग्लजची. बरीच वर्षं बर्मिंगहॅमला म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आहे. नव्या आलेल्या पोरींच्या नोट्स माझ्या नजरेखालून जातात. केरळच्या असतात, फिलिपिन्सच्या असतात, हल्ली आपल्याकडच्याही असतात. स्पेलिंग चुकलं तर इथं कोणाचं काही बिघडत नाही, इंग्रज डॉक्टरांचीही चुकतात. पण क्रियापद चुकलं की दोष भलत्याच्याच अंगावर जातो. तुझीच वाक्यं घेऊन सांगते, म्हणजे सरांनी गोल का केलेत ते कळेल.

'शी डिनाइड हर लंच.' तुला म्हणायचंय, बाईंनी जेवण नाकारलं. मराठीत आपण जेवणही नाकारतो, आरोपही नाकारतो आणि कोणाचा अर्जही नाकारतो. इंग्रजीत हे वेगवेगळे शब्द आहेत. समोर आलेली वस्तू किंवा उपचार नको म्हटला तर 'रिफ्यूज'. त्यापेक्षा सौम्य 'डिक्लाइन', आणि इथल्या नोट्समध्ये तेच जास्त चालतं, कारण 'रिफ्यूज्ड'मध्ये पेशंट आडमुठा वाटतो. 'डिनाय' म्हणजे 'असं काही नाही' असं सांगणं. 'डिनाइज चेस्ट पेन' म्हणजे विचारलं तेव्हा छातीत दुखत नाही म्हणाल्या. जेवणाला 'डिनाय' लावलंस तर वाक्याला अर्थच राहत नाही. आणि घाईत त्याच्यात एक 'वॉज' घुसला की बघ काय होतं. 'शी वॉज डिनाइड लंच.' म्हणजे बाईंना जेवण दिलं गेलं नाही. कोणी दिलं नाही? वॉर्डानं. त्या वेळी ड्युटीवर कोण होतं? तू. उद्या त्यांच्या मुलीनं तक्रार केली की तुझ्याच अक्षरातलं वाक्य तुझ्यासमोर ठेवतील.

'डिनाय'बद्दल एक जाता जाता. डॉक्टर लोक ते पिढ्यान् पिढ्या लिहीत आलेत, पण पेशंटच्या कानाला ते 'हा खोटं बोलत असावा' असं लागतं. 2022 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पेशंटला कमी लेखणाऱ्या भाषेवर लेख आला होता, त्यात 'डिनाइज' आणि 'क्लेम्स' दोन्ही होते. तेव्हा तू सरळ 'रिपोर्ट्स नो चेस्ट पेन' लिही. आणि 'क्लेम' तर अजिबात नको. 'ही क्लेम्ड ही हॅड पेन' म्हणजे दुखतंय असा त्याचा दावा आहे, आमचा काही विश्वास नाही. 'ॲडमिट'चंही तसंच. माणूस रोज दोन पेग घेतो असं सांगत असेल तर 'ॲडमिटेड टू ड्रिंकिंग' लिहू नको, तो काय पोलीस चौकीत बसलाय? 'रिपोर्टेड', 'स्टेटेड', 'सेड' हे तीन शब्द निर्मळ आहेत. त्यांच्यावर परीक्षाही निघते आणि नोकरीही.

आता 'लाइड'. हे वाक्य वाचून मी चहा सांडला. 'पेशंट दिवसभर बेडवर खोटं बोलत होता.' कारण 'लाय'ची दोन क्रियापदं आहेत. खोटं बोलणं, त्याचा भूतकाळ 'लाइड'. आणि पडून राहणं, त्याचा भूतकाळ 'ले'. घोळ सगळा इथंच आहे. पडून राहण्याचा भूतकाळ आणि ठेवण्याचा वर्तमानकाळ, दोन्हीकडे तोच 'ले', एल-ए-वाय. म्हणून तक्ता पाठ करून काही होत नाही, उलट तक्त्यात एकच शब्द दोन खणांत दिसतो आणि डोकं फिरतं.

मराठीत तुला हा फरक आधीपासून येतो. बाळ निजलं, तिने बाळाला निजवलं. निजलं म्हणजे 'लाय', निजवलं म्हणजे 'ले'. भूतकाळात 'तिने' येतं का बघ. 'ती आडवी झाली', 'ने' नाही, तेव्हा 'लाय'. 'तिने पाय उशीवर ठेवला', 'ने' आलं, तेव्हा 'ले'. मग काळ लाव: दिवसभर पडून होता, 'ही ले ऑन द बेड ऑल डे'. मी त्याला आडवं केलं, 'आय लेड हिम फ्लॅट'. ताप चढला, ताप स्वतःच चढला, त्याला कोणी चढवला नाही, म्हणून 'हर टेंपरेचर रोज'. डोक्याकडची बाजू तू उंच केलीस, 'आय रेज्ड द हेड ऑफ द बेड'. 'हर टेंपरेचर रेज्ड' म्हटलं की इंग्रज विचारणार, ताप कुणी वाढवला गं? (फक्त 'वॉज रेज्ड' चालतं. तिथं ते 'चढलेला होता' असं विशेषण म्हणून येतं, आणि इथले डॉक्टर ते सर्रास लिहितात.)

आणि एक सांगते, इथले गोरेही 'लाय' आणि 'ले'मध्ये बोलताना सर्रास गोंधळतात. आमचा एक हेल्थकेअर असिस्टंट, जन्म इथलाच, रोज आजोबांना 'ले डाउन फॉर मी, लव्ह' म्हणतो आणि आजोबा बिनतक्रार आडवे होतात. त्याचं चालून जातं. तुझं पत्र तपासणारा माणूस मात्र तुझी भाषाच तपासायला बसलाय.

पण खरं नुकसान 'लाय-ले'पेक्षा एका साध्या शब्दानं होतं, तो म्हणजे 'झोपा'. आपण पेशंटला म्हणतो, 'आजी, पाठीवर झोपा.' त्याचं आपल्या मुली करतात 'स्लीप ऑन युअर बॅक'. आजी म्हणते, मला झोप नाही आली, आत्ता तर अकरा वाजलेत. आपलं 'झोपणं' आडवं होण्यालाही चालतं आणि डोळा लागण्यालाही. इंग्रजीत 'स्लीप' म्हणजे झोपच. बिछान्यावर आडवं व्हायला 'लाय'. आमच्या वॉर्डात पडलेल्या किंवा चक्कर आलेल्या प्रत्येक पेशंटचं लाइंग अँड स्टँडिंग बीपी घेतात. निदान पाच मिनिटं आडवं ठेवून पहिलं, उभं केल्यावर पहिल्या मिनिटात दुसरं, तीन मिनिटांनी तिसरं. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला की डॉक्टरांना सांगायचं. तिथं चार्टवर तू 'स्लीपिंग बीपी' लिहिलंस तर डॉक्टरला वाटेल रात्री झोपेत घेतलंय, आणि तो आकडा काही कामाचा राहणार नाही.

आता ट्रेचं. 'आय केप्ट द ट्रे ऑन द टेबल.' यात व्याकरणाची चूक नाहीच, म्हणून तुला दिसत नाही. 'ठेवणं' आपल्याकडे दोन कामं करतं. आत्ता टेबलावर ठेवणं आणि तिथंच राहू देणं. पहिल्याला इंग्रजीत 'पुट', दुसऱ्याला 'कीप'. तू म्हणालीस, मी ट्रे टेबलावरच राहू दिला, हलवू दिला नाही. म्हणून नवीन आलेली पोरगी 'कीप द फाइल हिअर' म्हणाली की इथली सिस्टर फाइल हातात धरून विचारते, कायमची इथंच ठेवायची का? 'पेशंट वॉज केप्ट निल बाय माउथ' मात्र बरोबर आहे, कारण तिथं उपाशी राहणं चालूच आहे.

'ही टोल्ड दॅट' याचं औषध एका ओळीचं आहे. 'टेल'ला ऐकणारा लागतो. 'ही टोल्ड मी दॅट', 'ही टोल्ड द डॉक्टर दॅट'. ऐकणारा लिहायचा नसेल तर 'ही सेड दॅट'. 'एक्स्प्लेन'चं उलटं, 'एक्स्प्लेन्ड हर' नाही, 'एक्स्प्लेन्ड टू हर'. आणि पेशंटला दुखत होतं तर 'हॅज' नाही, 'हॅड', पण ते तुला माहीत असेलच, घाईत सुटलं असेल.

आता मगाशी 'काढून टाक' म्हणाले तिथं. रक्त काढलं, टाके काढले, शर्ट काढला, सलाइन काढलं, एक्स-रे काढला, ड्रेसिंग काढलं. सहाही ठिकाणी 'रिमूव्ह' लिहिणारी मुलगी मी बघितलीय. 'रिमूव्ह्ड ब्लड' वाचून डॉक्टरनं विचारलं, कुठून पुसलं? रक्त 'टेक' करतात किंवा 'ड्रॉ'. शर्ट 'टेक ऑफ'. एक्स-रे पेशंट स्वतः काढत नाही, त्याचा काढतात, म्हणून 'ही हॅड ॲन एक्स-रे'. टाके आणि ड्रेसिंगला 'रिमूव्ह' ठीक. यातून नियम निघत नाही, पाठच करायचं. पण निदान कुठल्या मराठी शब्दापाशी सावध व्हायचं ते कळतं. नाकारणं, झोपणं, ठेवणं, काढणं. या चार शब्दांपाशी पेन थांबव.

रिटायर्ड_मास्तर_वाई

ताईंचं उत्तर वाचून आनंद झाला. 'ने'ची युक्ती म्हणजे आपला शाळेतला कर्तरी आणि कर्मणी प्रयोगच. पण ती युक्ती कुठं दगा देते तेही या मुलीला सांगायला हवं, नाहीतर परीक्षेत फसेल.

मराठीत काही क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात 'ने' लागत नाही. ती साडी नेसली. ती चहा प्याली. ती डबा विसरली. ती गाणं शिकली. ती म्हणाली. 'तिने साडी नेसली' असं कोणी म्हणत नाही (म्हणणारे आहेत हल्ली, पण ते सोडा). तेव्हा 'ने' नाही म्हणून कर्म नाही असं समजू नका. आणखी एक, 'मी' आणि 'तू' यांना भूतकाळात 'ने' लागतच नाही. म्हणून परीक्षा नेहमी 'ती/तिने' घालूनच करा.

'शिकणे'च्या बाबतीत मात्र युक्ती नशिबानं बरोबर निघते. ती शिकली म्हणजे 'लर्न', तिने शिकवलं म्हणजे 'टीच'. 'आय विल लर्न यू' असं लिहिणारी मुलं वर्गात असायची, त्यांना एवढं सांगून पुरायचं. 'आठवणे'चंही तसंच जमतं. तिला आठवलं म्हणजे 'रिमेंबर', तिने आठवण करून दिली म्हणजे 'रिमाइंड'. गोळीची वेळ पेशंट 'रिमेंबर' करतो, नर्स 'रिमाइंड' करते.

आणि 'विसरणे' वेगळंच. 'छत्री बसमध्ये विसरलो.' आपण मराठीत जागा सांगून विसरतो. इंग्रजीत जागा सांगितली की 'लेफ्ट' म्हणायचं, 'आय लेफ्ट माय अंब्रेला ऑन द बस'. नुसतं छत्री आणायला विसरलो तर 'फरगॉट'. पेशंट चष्मा वॉर्डात विसरून घरी गेला, तर तो 'लेफ्ट'.

आता जिथं युक्ती पूर्ण निकामी आहे अशी जोडी. उसने घेणे आणि उसने देणे. दोन्हीकडे 'तिने' येतं, तिने पैसे उसने घेतले, तिने पैसे उसने दिले. इथं हात कोणाकडे वळलाय ते बघायचं. घेणारा 'बॉरो', देणारा 'लेंड'. बँक 'लेंड' करते, शेतकरी 'बॉरो' करतो. आणणे-नेणे, 'ब्रिंग' आणि 'टेक', यांचंही तसंच, पण आपल्याकडे दोन वेगळे शब्द असल्यामुळे ते सहसा चुकत नाही.

बर्मिंगहॅमची_ताई

मास्तर, मानलं. 'ती साडी नेसली' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आणणं-नेणं चुकत नाही म्हणालात तिथं थोडी दुरुस्ती. 'येणं-जाणं' चुकतं. आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते हं' म्हणतो. आमच्याकडे एक नागपूरची मुलगी होती, ती प्रत्येक पेशंटपाशी काम आटपून 'ओके, आय विल कम' म्हणून निघायची. आजोबा दार बघत बसायचे, आत्ता येईल मग येईल. शेवटी बेल वाजवायचे. तिला वाटायचं, हा माणूस किती बेल वाजवतो!

फलटणचा_ढोरडॉक्टर

मी माणसांचा डॉक्टर नाही, जनावरांचा आहे, पण या विषयात घुसल्याशिवाय राहवत नाही.

वर ताईंनी निजणे-निजवणे सांगितलं. इंग्रजीतही ही जुनी पद्धत होती, एका क्रियापदाचा मधला स्वर बदलायचा की दुसऱ्याकडून करवून घेतल्याचं क्रियापद तयार. आपलं पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे अगदी तसंच. 'लाय'पासून 'ले', 'सिट'पासून 'सेट'. 'फॉल' म्हणजे पडणे, त्यावरून 'फेल', एफ-ई-डबल एल, म्हणजे झाड पाडणे. वनखात्याच्या कागदावर 'फेलिंग' लिहितात ते हेच. आणि मजा बघा, 'फॉल'चा भूतकाळही 'फेल'च, त्यामुळे 'लाय'सारखाच तिथंही घोळ आहे, फक्त झाडं कोणी रोज पाडत नाही म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या धंद्यातला नमुना याहून भारी आहे. शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजायला आम्ही ड्रेंचिंग गन वापरतो. बाकी जग 'ड्रेंच' म्हणजे पावसात चिंब भिजणे समजतं. पण मूळ अर्थ 'पाजणे'. 'ड्रिंक' म्हणजे पिणे, त्यापासून 'ड्रेंच' म्हणजे पाजणे. माणसांच्या इंग्रजीतून तो अर्थ गेला, गोठ्यात मात्र टिकला. (पाजताना शेळीचं तोंड फार वर उचलू नका, पाठीच्या रेषेतच ठेवा. तोंड आभाळाकडे केलं की औषध फुप्फुसात जातं, त्याला आम्ही ड्रेंचिंग न्यूमोनिया म्हणतो, आणि चांगली गाभण शेळी हातची जाते. विषय सोडून बोललो, पण कोणी शेळीवाला वाचत असेल तर उपयोग होईल.)

'राइज'ला तर अशी दोन पोरं आहेत. 'रेज' आणि 'रिअर'. 'गोट रिअरिंग' म्हणजे शेळीपालन, सरकारी योजनेच्या प्रत्येक फॉर्मवर असतं. उभं करणं, वाढवणं. 'रेज' परक्या भाषेतून, जुन्या नॉर्सेतून आला, 'रिअर' घरचाच.

परीक्षेला याचा काय उपयोग, तर फार नाही. पण स्वतः होणं आणि दुसऱ्यानं करणं हा फरक आपण मराठीत रोज करतो, त्यासाठी इंग्रजीचं वेगळं डोकं लावावं लागत नाही, एवढं धरून चाला.

कोथरूडचा_राजा

शेळीला पाजायचं औषध आणि ओईटी एकाच धाग्यात. आता एआय सुचवायची हिंमत होत नाही.

मिरज_स्टाफनर्स

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तक्ता काढला (टेक डाउन, बरोबर ना?). डॉक्टरसाहेब, माझे वडील शेळ्या पाळतात, त्यांना ते तोंड वर न करण्याचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर सांगतोय.

काल नवीन पत्र लिहिलं. हिप फ्रॅक्चरची 78 वर्षांची बाई, वॉर्डातून रिहॅबला पाठवायची. 'लाय'चे सगळे बरोबर आले. 'डिक्लाइन्ड ब्रेकफास्ट' लिहिलं. तरी सरांनी दोन गोल केलेत आणि दोन्ही मला पटलेले नाहीत.

एक: मी लिहिलं, 'पेन हॅज अफेक्टेड हर स्लीप'. सरांनी 'अ' खोडून 'इ' केला, इफेक्टेड.

दोन: मी लिहिलं, 'शी मोबिलाइझ्ड विथ अ फ्रेम'. हे मी ऐकण्याच्या सरावात ऐकलं होतं म्हणून घातलं. सरांनी खाली लिहिलं, 'मोबिलाइझ सकर्मक आहे, वॉज मोबिलाइझ्ड बाय नर्स पाहिजे'. तुमच्या 'ने'च्या युक्तीनं बघितलं तर सर बरोबर वाटतात. पण ऐकलेलं तर असंच होतं.

बर्मिंगहॅमची_ताई

'टेक डाउन' एकदम बरोबर.

पहिल्यात तू बरोबर आहेस, सर चुकले. परिणाम करणं म्हणजे 'अफेक्ट', परिणाम हे नाम म्हणजे 'इफेक्ट'. दुखण्यानं झोपेवर परिणाम केला, म्हणून 'अफेक्टेड'. 'इफेक्ट' क्रियापद म्हणून असतं, पण त्याचा अर्थ घडवून आणणं. 'पेनने झोप घडवून आणली' असं होईल, दुखण्यामुळे बाईला छान झोप लागली! नर्सच्या पत्रात तो क्रियापदाचा 'इफेक्ट' जवळजवळ लागतच नाही, विसरून जा. उलट नाम म्हणून 'ॲफेक्ट' मात्र मानसिक आजारांच्या नोट्समध्ये दिसेल, 'फ्लॅट ॲफेक्ट', म्हणजे चेहऱ्यावर भावनाच नाही. बोलताना जोर पहिल्या अक्षरावर. तो दिसला की घाबरू नको आणि दुरुस्तही करू नको.

दुसऱ्यातही तुझा कान बरोबर आहे. शब्दकोशात 'मोबिलाइझ' सकर्मक दिसेल, फौज जमवणं वगैरे. पण ब्रिटनच्या वॉर्डात पेशंट स्वतः 'मोबिलाइझ' होतो. चालणं-फिरणं, एवढाच अर्थ. सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, एका बेडमागून एक हेच ऐकशील, 'मोबिलाइझिंग इंडिपेंडंटली', 'नॉट मोबिलाइझिंग'. सरांचं 'वॉज मोबिलाइझ्ड बाय नर्स' व्याकरणाला चालेल, पण त्यातून बाई स्वतः किती चालली ते कळत नाही, नर्सनं ओढून नेलं असं वाटतं. आणि रिहॅबच्या नर्सला नेमकं तेच हवं असतं. म्हणून तुझंच वाक्य ठेव आणि त्यात कुठपर्यंत आणि किती माणसांच्या मदतीनं ते घाल: 'शी मोबिलाइझ्ड टू द टॉयलेट विथ अ झिमर फ्रेम अँड द असिस्टन्स ऑफ वन.' झिमर फ्रेम म्हणजे आपला वॉकर. 'असिस्टन्स ऑफ वन' म्हणजे एका माणसाच्या आधारानं. दोघं लागत असतील तर 'टू' लिही, कारण त्यावर ते रात्रपाळीला माणसं किती लावायची ते ठरवतात.

सरांशी वाद घालत बसू नको. क्लासमध्ये 'वॉक्ड विथ अ फ्रेम' लिहून दे, अर्थ तोच आणि लाल गोलही नाही.

आणि हो, तुझ्या पत्रातली ती बाई हिप फ्रॅक्चरची आहे ना? मग 'सलाइन लावलं'चं काय लिहिलंस ते बघून घे. पिशवी टांगली म्हणून 'हँग्ड' लिहिलं असशील तर आत्ताच खोड. पिशवी 'हंग', माणूस फासावर 'हँग्ड'. खरं तर दोन्ही नको, 'आयव्ही फ्लुइड्स वेअर स्टार्टेड' लिही.

मिरज_स्टाफनर्स

'हँग्ड'च लिहिलं होतं. सरांनी त्याला गोल केला नव्हता.